पंचवीस फुटांचे घर

जेफ्री ब्लँशे हे कॅनडातील एका बँकेत नोकरीला होते. प्रकृती खालावल्याने त्यांना ऐन चाळिशीत नोकरी सोडावी लागली आणि 1922 च्या सुमारास हे कुटुंब देशाच्या पूर्व भागातून पश्चिमेला, व्हँकुव्हर बेटावरील सिडनी गावाजवळ समुद्रकाठी राहावयास आले. तेथे त्यांनी ‘कॅप्रीस’ नावाची एक लाकडी मोटरबोट घेतली. लांबी पंचवीस फूट, रुंदी साडेसहा फूट. काही वर्षांनी एके दिवशी जेफ्री एकटेच बोट घेऊन बाहेर पडले. पुढे बोट नांगरलेली सापडली, जेफ्री मात्र परतले नाहीत.

पत्नी म्युरिएल यांच्या पदरी पाच मुले होती, धाकटा तर अगदी लहान. मिळकत बेताची. अशा वेळी कोणीही हितचिंतक ‘आधी ती बोट विकून टाका’ असाच सल्ला देईल, आणि हिशेबाच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येणार नाही. बोट म्हणजे खर्चाचे तोंड. त्यातून ही बोट तर दुःखाची आठवण. म्युरिएल यांनी बोट विकली नाही. त्यांनी उन्हाळ्यापुरते राहते घर भाड्याने दिले आणि पाच मुलांना घेऊन त्या बोटीवर राहू लागल्या. जूनमध्ये निघावे, ऑक्टोबरच्या सुमारास परतावे, हा क्रम अनेक वर्षे चालला. भाड्याचे उत्पन्न हाती येई आणि बोटीवरचा संसार घरातल्यापेक्षा स्वस्तात होई. मुलांचे शिक्षण त्या घरीच करून घेत, म्हणून शाळेची घंटा आड येत नसे.

साडेसहा फूट रुंदी म्हणजे आपल्याकडील एका पलंगाची लांबी. तेवढ्यात झोपणे, स्वयंपाक, पेट्रोल, नकाशे आणि पावसात भिजलेले कपडे. साहजिकच प्रत्येकाच्या वाट्याला मोजकेच कपडे येत. हवा चांगली असली की काही जण किनाऱ्यावर झोपत. पुस्तके मात्र बरोबर असत. 1792 मध्ये याच किनाऱ्याची मोजणी करणाऱ्या कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांचे प्रवासवर्णन त्यांत होते. ज्या खाडीत नांगर टाकावा, तिच्याविषयी दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाने काय नोंदवले ते वाचावे, असा त्यांचा भूगोलाचा वर्ग असे.

या किनाऱ्यावर मोठ्या लाटांपेक्षा भरती-ओहोटीच्या प्रवाहाचे भय अधिक. डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या खाड्यांची तोंडे अरुंद असतात आणि भरतीचे सगळे पाणी त्यांतून आत-बाहेर करते. सेमूर नॅरोज या चिंचोळ्या वाटेत प्रवाहाचा वेग ताशी 15 सागरी मैलांपर्यंत जातो. तेथील पाण्याखालचा रिपल रॉक हा खडक अनेक जहाजे गिळून बसला होता. अखेर 1958 च्या एप्रिलमध्ये तो सुरुंगाने उडवावा लागला. प्रिन्सेस लुइसा या रम्य खाडीच्या दारातही असाच खळाळ आहे. तेथे शिरावयाचे तर भरती आणि ओहोटी यांच्या सांध्यावर पाणी क्षणभर स्थिरावते, तेवढीच संधी. ती गाठण्यासाठी कोष्टक पाहावे लागते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे यंत्र त्या घटकेला बंद पडून चालत नाही.

म्हणूनच म्युरिएल यांनी यंत्राचे काम स्वतःच्या हाती घेतले. ओसाड खाडीत मेकॅनिक आणावयाचा कोठून? बोटीवरील पेट्रोलच्या यंत्राच्या खोडी ठरलेल्या असतात. दमट हवेने प्रज्वलनाची जोडणी ओलावते आणि ठिणगी पडत नाही. थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी ज्या नळीतून घेतात, तिच्यात शेवाळ अडकले की यंत्र तापते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळाशी साचून राहते, म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी वारा खेळू द्यावा लागतो. ही शेवटची गोष्ट विसरणाऱ्याला दुसऱ्यांदा विसरण्याची संधी सहसा मिळत नाही.

लाकडी तळाची निगा हे निराळे प्रकरण. खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने राहिलेल्या फळ्यांवर शेवाळ आणि शिंपल्यांची पुटे चढतात, बोट जड होते आणि तेवढ्याच अंतराला पेट्रोल जास्त जळते. त्याहून वाईट म्हणजे लाकूड आतून पोखरणारे समुद्रजीव. फळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून चाळण झालेली असते. उपाय म्हणजे तांबे मिसळलेला रंग. त्या किनाऱ्यावर गोदीचा खर्च टाळण्याची जुनी रीत अशी की, भरतीच्या वेळी बोट सपाट पुळणीवर आणून टेकवावयाची, पाणी ओसरले की तळ घासावयाचा, सांध्यांत सुटलेला धागा ठोकून पक्का करावयाचा, रंग द्यावयाचा आणि पाणी परतण्याच्या आत हात आवरावयाचे. समुद्राची ही मुदत वाढवून मिळत नाही. वखारीचे पत्रे पावसाळ्यापूर्वी स्वतः चढून पाहणाऱ्या व्यापाऱ्याला यातील घाई निराळी समजावून सांगावयास नको. घसारा वहीत दरसाल एका ओळीत लिहिता येतो. बोटीवर तो ज्याचा त्याला पालथे पडून घासावा लागतो.

मुलांच्या वाट्यालाही कामे येत. सोबतची लहान होडी वल्हवणे, नांगराकडे लक्ष ठेवणे, पाण्यावर तरंगणारे ओंडके वेळीच ओळखणे. जंगलतोडीच्या त्या मुलखात असा एखादा ओंडका पंख्याला लागला की प्रवास तेथेच थांबे. मुले आईला ‘कॅपी’ म्हणत, म्हणजे कप्तानाचे लाडके रूप.

या अनेक उन्हाळ्यांचे एकच सलग पुस्तक म्युरिएल यांनी पुढे ‘द कर्व्ह ऑफ टाइम’ या नावाने लिहिले. ते 1961 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या. पुस्तकात कोणता प्रसंग कोणत्या सालचा, हे बहुधा कळत नाही. पतीविषयीही फार थोडे आहे. प्रवाहांच्या वेळा, नांगर टाकावयाच्या जागा आणि रात्री वारा फिरल्यावर उठून दोर पाहणे, याविषयी मात्र पुष्कळ आहे.