आटे कोरडे, म्हणून वाडी कोरडी

 

गेल्या आठवड्यात तालुक्यातल्या एका वाडीवर हातपंपाची दुरुस्ती बघत उभा होतो. वॉशर बदलायचा होता, एवढंच. तो बदलला, आणि पाइप परत खाली सोडताना जोड सुटला. खालचे सहा पाइप सिलिंडरसकट बोअरमध्ये! वॉशर बदलायला आलेली गाडी पंप बंद करून गेली. कारण काय, तर म्हणे 'पाइप जीर्ण'.

जीर्ण कशाने झाला? मी आटे हाताने चाचपले. गंजलेले, धार गेलेली, आणि ठणठणीत कोरडे. ग्रीसचा थेंब नाही.

जीआय पाइपला जस्ताचा मुलामा असतो, पण आटे पाडताना तो निघून जातो. उघड्या पोलादावर पोलाद कोरडंच आवळलं, की दोन्ही एकमेकांना ओरबाडतात. त्यात इंडिया मार्क टू पंपात वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर काढावे लागतात. एक पाइप ३ मीटरचा. ३० मीटरवर सिलिंडर असेल तर दहा पाइप, आणि प्रत्येक दुरुस्तीत प्रत्येक जोड खोला, परत आवळा. आटे टिकतील कसे?

तिकडे तेलविहिरीत पाइप उतरवताना काय करतात? कपलिंगच्या आट्यांवर फॉस्फेटचा थर, वर ग्रॅफाइट आणि धातूची पूड घातलेलं खास ग्रीस. कोरडा आटा आवळायचाच नाही, हा तिथला साधा नियम. तेलाची एवढी काळजी, आणि माणसाच्या पाण्याची?

पंपावरच्या पोरांना शिव्या देऊ नका. त्यांच्या गाडीत पान्हे आहेत, डबा नाही. तो मागणीपत्रातच नाही! 'बजेट नाही' म्हणणाऱ्या साहेबांनी सांगावं, ग्रीसचा डबा महाग की नवीन बोअर?

मागणी साधी आहे. प्रत्येक दुरुस्ती गाडीत तारेचा ब्रश, टेफ्लॉन टेप आणि पिण्याच्या पाण्याला चालणारं ग्रीस द्या. शिसं असलेलं तेलविहिरीचं ग्रीस इथे नको, ते पोटात जाईल. झिजलेला आटा परत खाली सोडू नका.

आणि तुम्ही, गावात गाडी आली की बघत उभे राहू नका. एकच विचारा, "भाऊ, आट्यांना काय लावलंत?"

त्या वाडीतल्या बाया आज शेजारच्या मळ्यातून हंडे वाहतायत. एका डब्यापायी.