भाताचा रंग : डोळ्याचा अंदाज आणि तक्त्याची साक्ष



अकोले तालुक्यात भाताची लावणी उरकली की बांधावरून पिकाचा रंग पाहून युरिया ठरतो. पण रंग नुसता डोळा ठरवीत नाही, मेंदू ठरवतो. धोतर भर दुपारी पांढरे दिसते आणि दिवेलागणीलाही पांढरेच वाटते, कारण उजेडातला फरक मेंदू परस्पर वजा करतो. शिवाय एकच रंग बराच वेळ पाहिला की त्याची जाणीव बोथट होते. हिरव्या पानाकडे अर्धा मिनिट एकटक पाहून नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. तेथे गुलाबीसर छटा दिसेल. गेल्या आठवड्याचा हिरवेपणा तर नेमका आठवतच नाही. मात्र दोन रंग शेजारी ठेवले, तर बारीक फरकही कळतो.

पर्णरंग तक्ता याच गुणावर चालतो. त्यावर फिकट ते गर्द हिरव्या पट्ट्या असतात. लावणीनंतर १४ दिवसांपासून फुलोऱ्यापर्यंत दर ७ ते १० दिवसांनी, सकाळी ८ ते १० च्या दरम्यान, १० निरोगी चुडांचे सर्वांत वरचे पूर्ण उघडलेले पान तपासावे. उन्हाकडे पाठ करून, स्वतःच्या सावलीत, पानाचा मधला भाग पट्टीवर धरावा. पान तोडू नये. दर वेळी एकाच माणसाने पाहावे. सुधारित जातींच्या लावणीच्या भातात साधारणपणे ६ किंवा अधिक पाने ४ क्रमांकाहून फिकट भरली, तरच युरियाचा हप्ता द्यावा.

फाजील नत्राने करपा व तुडतुडे वाढतात, पीक लोळते आणि गाठीचा पैसाही जातो.