बीड नव्हे, बीर!



2024 च्या दिवाळीतली गोष्ट. निर्वाण लाडू चढवून मंदिरातून घरी आलो, सगळे फराळाला बसलो आणि सूनबाई म्हणाली, "आई, भाऊबीज झाली की मी आठवडाभर बीरला जाऊन येऊ का?"

नणंदबाईंना ऐकू आलं बीड. "बीडला कोण आहे गं तुझं?"

बीड नव्हे, बीर. हिमाचलात कांगडा जिल्ह्यातलं गाव. त्याच्या वर बिलिंग, उंची सुमारे 2,400 मीटर. तिथून पाठीला कापडी पंख बांधून उडायचं आणि हजार मीटर खाली बीरला उतरायचं. 2015 मध्ये पॅराग्लायडिंगचा विश्वचषक तिथे झाला, भारतात पहिल्यांदाच. 2024 मध्ये 2 ते 9 नोव्हेंबरला पुन्हा होता. सूनबाईला स्पर्धा बघायची होती आणि ती संपल्यावर पायलटबरोबर जोडीनं एकदा उडायचं होतं. नेमकी त्याच आठवड्यात हिमाचलात दोन परदेशी पायलट अपघातात गेल्याची बातमी आली होती. माझ्या हातातली चकली तशीच राहिली.

मी "नाही" म्हणाले. कारणही दिलं नाही.

रात्री झोप लागेना, तेव्हा हिशेब मांडायला बसले. कॉमर्सची सवय, दुसरं काय! चार वर्षांपूर्वी माझा मुलगा मित्रांबरोबर मोटारसायकलवर लडाखला गेला होता. मी काय विचारलं होतं? "परत कधी येणार?" एवढंच. वर शेंगाचटणी आणि बेसनलाडू डब्यात भरून दिले. घाटातल्या दरडी, ट्रक, बर्फ यांतलं काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. सुनेच्या वेळी मात्र सगळं आलं. भीती खरी होती, पण ती एकाच खात्यावर लिहिली जात होती.

आणि आपण बायका काय कमी धाडसी आहोत? शिखरजीची वंदना आठवा. रात्री दोनला उठून, अंधारात काठी टेकत, अनवाणी, चढ-उतार धरून 27 किलोमीटर. माझ्या सासूबाई साठीनंतर चालत जाऊन आल्या. बाईमाणसानं डोंगर चढू नये असं तेव्हा घरात कोणी म्हटलं नाही. आकाशाचंच म्हणाल तर आपल्या सोलापूरच्या वालचंदशेठनी 1940 साली बंगळुरूला विमानाचा कारखाना उभा केला, आजच्या एचएएलची ती सुरुवात. त्यांच्या नावाचा अभिमान सांगायचा आणि घरातल्या मुलीला गच्चीच्या कठड्यापासून मागे ओढायचं, हे मला त्या रात्री जरा विचित्र वाटलं.

सकाळी मी "हो" म्हणाले. पण आंधळं नाही. एका कागदावर प्रश्न लिहून दिले. पायलटकडे परवाना आहे का, तो स्वतः बघायचा. जादा पॅराशूट आहे का? हेल्मेट घट्ट बसतं का? वारा बिघडला तर उड्डाण रद्द करून पैसे परत देतात का? (या शेवटच्या प्रश्नावर सून हसली. पण पैसे परत मिळणार नसतील तर माणूस वाईट हवेतही उडायला तयार होतो, हे तिला पटलं.) विम्याचे कागद मी स्वतः काढले. बऱ्याच अपघात विमा पॉलिसींत साहसी खेळ बारीक अक्षरात वगळलेले असतात. आमच्यातही होते. सूनबाईनं प्रवासाचा वेगळा विमा घेतला, तेव्हाच मी बॅग भरू दिली.

ती उडून आली. खूप काही बोलली, मला लक्षात राहिलं ते एवढंच: वर इंजिन नसतं, उन्हानं तापलेल्या उतारावरून गरम हवा वर येते, तिच्यावर गिधाडं घिरट्या घालतात आणि त्यांच्याच शेजारी माणसंही घिरट्या घालतात. सूर्य मावळायच्या आत सगळे खाली. "म्हणजे जेवणाची वेळ आपलीच," मी म्हणाले.

आता तिला पॅरामोटर शिकायचंय. त्यात 20-30 किलोचं इंजिन आणि पंखा पाठीवर. डोंगर नको, सपाट माळरानावरूनही धावत उडता येतं, म्हणजे आपला सोलापूरचा माळही चालेल. उंच डोंगरात मात्र हवा विरळ. इंजिनाचा जोर कमी पडतो, धाव जास्त लागते. बेअर ग्रिल्स 2007 मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात असाच उडाला होता, हे मुलानं लगेच सांगितलं. सांगू दे. माझं मत विचाराल तर डोंगरात इंजिन नकोच. तो आवाज, तो पेट्रोलचा धूर, आणि त्या गिधाडांनी काय पाप केलंय? माळावर शिकायचं तर शिक.

नणंदबाई अजून रागावलेल्या आहेत. जानेवारी 2025 मध्ये गोव्यात केरीच्या पठारावर पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट दोघंही गेले, तेव्हा त्यांचा फोन आला. "वहिनी, बघितलंत?" बघितलं होतं. पोटात गोळाही आला होता. त्या मुलीच्या आईचा विचार दिवसभर गेला नाही. पण त्या बातमीनंतर मी सुनेला "बंद कर" म्हटलं नाही. प्रश्नांच्या कागदात एक ओळ वाढवली: तिथे उडवायची सरकारी परवानगी आहे का, की नुसतंच दुकान मांडलंय?

कागद फ्रिजवर लावलाय. मुलाच्या पुढच्या मोटारसायकल सहलीसाठी दुसरा लिहितेय. तो कुरकुरतोय.