टक्के मोजण्याआधी लिहायला शिकवा

पीएचडीचा प्रबंध विद्यापीठात जमा करण्याआधी त्याची एक तपासणी होते. प्रबंधातला मजकूर आधी प्रसिद्ध झालेल्या लेखनाशी ताडून बघितला जातो आणि साम्य किती टक्के, ते अहवालात येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के निघालं तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभराची बंदी येते आणि ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द होते. तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत, घरसंसार सांभाळत पीएचडी करणाऱ्या कितीतरी जणांचं अनेक वर्षांचं काम शेवटी या एका आकड्यापाशी येऊन अडतं.

चोरीला शिक्षा हवीच. दुसऱ्याचं संशोधन आपल्या नावावर खपवणाऱ्याची गय करायचं काही कारण नाही. पण त्या अहवालातली रंगवलेली पानं शांतपणे वाचली, तर पुष्कळदा वेगळंच चित्र दिसतं. गावोगाव हिंडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या अस्सल असतात. कोष्टकं स्वतः मांडलेली असतात. साम्य निघतं ते प्रस्तावनेत आणि पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात. तिथे चार पुस्तकांतली इंग्रजी वाक्यं, मधला एखादा शब्द बदलून, क्रियापद इकडचं तिकडे करून, एकापुढे एक लावलेली असतात. खाली संदर्भही दिलेला असतो. म्हणजे लपवायचं काही नसतं. आपलं म्हणणं इंग्रजीत कसं मांडायचं, एवढंच उमगलेलं नसतं.

उपयोजित भाषाविज्ञानात या प्रकाराचा बराच अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात त्याला 'पॅचरायटिंग' म्हटलं, म्हणजे ठिगळं जोडून केलेलं लेखन. नवख्या माणसाचा लिहायला शिकण्याच्या वाटेवरचा तो एक टप्पा आहे, अशी त्यांची मांडणी होती. पुढे डायेन पेकोरारी यांनी ब्रिटिश विद्यापीठांतल्या १७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं लेखन त्यांनी वापरलेल्या मूळ संदर्भांशी ओळीओळीने ताडून पाहिलं. इंग्रजी ही या विद्यार्थ्यांची दुसरी भाषा होती. त्यांच्या लेखनात उसनी वाक्यं भरपूर सापडली, फसवण्याचा हेतू मात्र दिसला नाही. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे आपले नियम येण्याच्या १५ वर्षं आधी हे ठाऊक होतं, की साम्याचा आकडा हेतू सांगत नाही आणि हेतू नसलेल्या विद्यार्थ्याला शिक्षेपेक्षा शिकवणीची गरज असते.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर मिळतं: 'मुलांचं इंग्रजीच कच्चं आहे.' हे निदान अपुरं आहे. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज तिशीत आहेत आणि त्यांच्यातले अनेक जण आता संशोधन करत आहेत. शाळा-महाविद्यालय मिळून पंधरा वर्षं इंग्रजी शिकूनही प्रस्तावनेचं पहिलं पान अडतं, तेव्हा प्रश्न इंग्रजीचे तास वाढवण्याचा उरत नाही. त्या तासांत काय शिकवलं, हे विचारावं लागतं.

कॅनडातल्या जिम कमिन्स यांनी १९७९ पासून एक भेद सातत्याने मांडला. बोलण्या-चालण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. स्थलांतरित कुटुंबांतली मुलं दोनेक वर्षांत खेळाच्या मैदानावर सहज इंग्रजी बोलू लागतात, पण वर्गातल्या अभ्यासाच्या इंग्रजीत बरोबरीच्या मुलांना गाठायला त्यांना पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांना आढळलं. आजूबाजूला सगळीकडे इंग्रजी असलेल्या देशातली ही गोष्ट आहे. आपल्याकडे मात्र फाडफाड बोलता येणं म्हणजे इंग्रजी येणं, असं धरून स्पोकन इंग्लिशचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आणि लिहिण्याचा वर्ग कुठेच निघाला नाही.

अभ्यासाची भाषा नेमकी कशाने अवघड होते, हेही मोजलं गेलं आहे. न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान या शाखांतलं सुमारे ३५ लाख शब्दांचं लेखन चाळलं. इंग्रजीतले नेहमीच्या वापरातले पहिले दोन हजार शब्द बाजूला ठेवल्यावर सगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा भेटणारी ५७० शब्दकुळं त्यांच्या हाती लागली. २००० साली त्यांनी ही यादी प्रसिद्ध केली. अभ्यासग्रंथांतल्या मजकुराचा जवळजवळ दहावा हिस्सा या ५७० कुळांनी व्यापलेला असतो, कथा-कादंबऱ्यांत मात्र ती दीड टक्काही भरत नाहीत. 'अॅनलाइझ', 'कन्सिस्ट', 'अझ्यूम', 'सिग्निफिकंट' अशा जातीचे हे शब्द आहेत. ना ते गप्पांत भेटतात ना गोष्टीच्या पुस्तकात, आणि विषयाचे पारिभाषिक शब्द नसल्यामुळे विषयशिक्षकही ते फळ्यावर लिहीत नाही. सगळे गृहीत धरतात की ते येतच असणार. इंग्रजी मायबोली असलेल्या मुलालाही ते जन्मतः येत नाहीत. विद्वत्तेची भाषा ही कुणाचीच मातृभाषा नसते आणि ती ज्याला येते, त्याला ती कुणीतरी शिकवलेली असते.

शब्दांपेक्षा मोठी अडचण बांधणीची. समजा, एक विद्यार्थिनी नाशिक जिल्ह्यातल्या कांदाचाळींवर काम करते आहे. विषय अस्सल आहे, विदा तिने स्वतः गोळा केली आहे. तिची प्रस्तावना अशी सुरू होते: भारत हा कृषिप्रधान देश आहे. महाराष्ट्र हे एक प्रमुख राज्य आहे. मग नाशिक जिल्ह्याचे अक्षांश-रेखांश, तालुक्यांची नावं, सरासरी पर्जन्यमान. कांदा येतो पाचव्या पानावर आणि ती नेमकं काय शोधते आहे, हे कळायला नववं पान उजाडतं. ती मुलगी हुशार आहे. तिच्या आधीच्या दहा प्रबंधांत हेच पाहिल्यामुळे तिनेही तेच केलं.

जॉन स्वेल्स या अभ्यासकाने १९८१ मध्ये, बर्मिंगहॅमच्या अॅस्टन विद्यापीठात असताना, एक साधंच काम केलं. वेगवेगळ्या विषयांतल्या ४८ शोधनिबंधांच्या प्रस्तावना घेऊन प्रत्येक वाक्य तिथे काय काम करतं, ते पाहिलं. १९९० च्या 'जॉनर अॅनालिसिस' या ग्रंथात त्यांनी या मांडणीला नेटकं रूप दिलं. चांगली प्रस्तावना तीन पावलं टाकते, असं त्यांनी दाखवलं. आधी विषयाचा मुलूख दाखवायचा: हा प्रश्न का महत्त्वाचा आणि आजवर कुणी काय शोधलं. मग त्या मुलखातली मोकळी जागा दाखवायची: काय बघायचं राहून गेलं. आणि शेवटी त्या जागेत आपण उभं राहायचं: मी हे शोधलं आणि असं शोधलं.

आता त्या विद्यार्थिनीची प्रस्तावना या तीन पावलांनी लिहून बघू. साठवणुकीत कांदा सडून शेतकऱ्याचं मोठं नुकसान होतं आणि ते कमी व्हावं म्हणून चाळीची रचना, हवा खेळती राहण्याची सोय यांवर अभ्यास झाले आहेत. या अभ्यासांचं लक्ष चाळीच्या बांधणीवर राहिलं. लहान शेतकरी चाळीतला माल कधी आणि कशामुळे बाजारात काढतो, याकडे ते वळले नाहीत. म्हणून प्रस्तुत अभ्यासात अशा शेतकऱ्यांच्या दोन हंगामांतल्या विक्रीच्या नोंदी तपासल्या आहेत. चार वाक्यांत काम झालं. अक्षांश-रेखांशांची गरज पडली नाही, कुणाची वाक्यं उसनी घ्यावी लागली नाहीत. 'काय राहून गेलं' हे एकदा सांगता आलं, की आधीच्यांचं लेखन उतरवून काढण्याऐवजी त्याच्याशी बोलता येतं. साम्याचा टक्का आपोआप उतरतो तो इथे.

हे सगळं मी मुद्दाम मराठीत लिहून दाखवलं. या कौशल्याचा मोठा भाग इंग्रजीचा नाहीच. दावा किती जोरात करायचा, हेच बघा. आपल्या प्रबंधांत साठ शेतकऱ्यांच्या मुलाखतींवरून सरळ 'असे सिद्ध होते' लिहिलेलं असतं. केन हायलंड यांनी वैज्ञानिक लेखांतल्या अशा दाव्यांचा बारकाईने अभ्यास केला. मुरलेला शास्त्रज्ञ पुरावा असेल तेवढंच बोलतो आणि उरलेल्याला जागा ठेवतो, असं त्यांच्या कामातून दिसतं. ही जागा ठेवण्याची सोय मराठीत काय कमी आहे? 'असं दिसतं', 'बहुधा', 'असावं', 'असं म्हणायला जागा आहे'. चावडीवर बसलेला म्हातारा माणूसही ऐकीव गोष्ट सांगताना 'म्हणतात बुवा' जोडतो. हीच सावधगिरी शोधनिबंधात लागते. आपण ती मराठीत ओळखायला शिकवली नाही, म्हणून इंग्रजीत तिचा पत्ता लागत नाही.

'आपली विचार करण्याची पद्धतच फिरवून सांगण्याची, इंग्रजीचा सरळपणा आपल्याला जमायचा नाही' असं म्हणणारेही आहेत. रॉबर्ट कॅप्लन यांच्या १९६६ च्या गाजलेल्या लेखाने अशा समजुतीला बळ दिलं होतं. इंग्रजी परिच्छेद सरळ रेषेत जातो आणि पौर्वात्य परिच्छेद वळसे घेतो, असं त्यांनी चक्क रेषा काढून दाखवलं. त्यावर कडाडून टीका झाली, कारण त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासले होते. ते आपापल्या भाषेत कसं लिहितात, हे पाहिलंच नव्हतं. पुढे खुद्द कॅप्लन यांनीही आपली भूमिका सौम्य केली. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ इंग्रजीत लिहिला आणि 'युगान्त' मराठीत. दोन्हीकडे युक्तिवाद तितकाच रोखठोक आहे. कमिन्स यांचंही सांगणं हेच, की एका भाषेत कमावलेलं अभ्यासाचं कौशल्य दुसऱ्या भाषेत उतरतं. मराठीत दोन पानांचा मुद्देसूद युक्तिवाद लिहायला शिकलेला विद्यार्थी इंग्रजीत निम्मी वाट चालून आलेला असतो. आपल्या शाळांतला निबंध मात्र पाठांतराचा आहे. 'माझा आवडता ऋतू' सजवायला आपण शिकवतो, पण एखादं मत मांडून त्याचा पुरावा द्यायला शिकवत नाही.

न शिकवता शिक्षा करण्याच्या या अन्यायाला आणखी एक अंग आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातले तात्सुया आमानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण-संशोधकांची पाहणी केली. त्यांत नेपाळ आणि बांगलादेशही होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीनुसार, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध भाषेच्या कारणावरून नाकारले जाण्याचं प्रमाण सुमारे अडीच पट आहे आणि 'इंग्रजी सुधारा' असा शेरा मिळण्याचं प्रमाण साडेबारा पट. ही तूट भरून काढायला विद्यार्थी आता चॅटजीपीटीकडे वळले, तर तिथेही नवी तपासणी उभी राहिली. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या सात प्रणाली तपासल्या. टोफेल परीक्षेसाठी माणसांनी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या प्रणालींनी यंत्राचे ठरवले. कारण सरळ आहे. मोजका शब्दसंग्रह आणि साधी वाक्यरचना यांनाच या प्रणाली यंत्राची खूण समजत होत्या. म्हणजे उसनं घेतलं तर चोर आणि स्वतःच्या साध्या इंग्रजीत लिहिलं तरी संशयित. अशा दुहेरी कात्रीत आपण आपल्याच मुलांना घालू नये.

मग करायचं काय? नवी समिती नको, नवा निधीही नको. आयोगाने २०१९ मध्ये पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे. शिवाय दर सत्रात जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, हे २०१८ च्या नियमांतच आहे. हे तास नियम वाचून दाखवण्यात घालवू नयेत. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या विषयातल्या दहा चांगल्या प्रस्तावना आणाव्यात आणि स्वेल्स यांची तीन पावलं त्यांत पेन्सिलीने खुणावीत. एक उतारा वाचावा, पुस्तक मिटावं आणि त्याचा आशय आधी मराठीत, मग इंग्रजीत लिहावा. ठिगळं जोडण्याची सवय मोडायला हा सराव फार कामाचा आहे.

मार्गदर्शकांनाही एक कळकळीची विनंती. पान लाल शाईने भरून टाकू नका. सगळ्या चुका सुधारून देण्याने फायदा होतो का, यावर १९९६ पासून भाषातज्ज्ञांत मोठा वाद आहे. पण जॉन बिचनर यांच्या न्यूझीलंडमधल्या प्रयोगांनी एक गोष्ट दाखवली: ए आणि द या इंग्रजी उपपदांच्या ठरावीक वापरासारखी एखाद-दुसरी चूकच धरून ती समजावून दिली, तर सुधारणा होते आणि टिकते. मराठीत उपपदं हा प्रकारच नाही, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांची ही हमखास चूक. एका वेळी तेवढीच धरा. आणि त्याआधी समासात एक प्रश्न लिहा: 'तुला इथे म्हणायचं काय आहे?'

साम्याचा अहवालही बंद करायचं कारण नाही. तो शेवटच्या आठवड्यात शिक्षेसाठी काढण्याऐवजी पहिल्या वर्षी पहिल्या प्रकरणावर काढावा आणि मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला शेजारी बसवून रंगलेली प्रत्येक ओळ त्याच्याकडून स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी. एवढं करूनही कुणी चोरी केलीच, तर नियमांत असेल ती शिक्षा जरूर द्या. पण जे शिकवलंच नाही, त्याची परीक्षा घेऊन नापास करण्याचा अधिकार कोणत्याही विद्यापीठाला नाही. येत्या सत्रापासून कोर्सवर्कच्या ३० तासांतले निम्मे तरी तास लिहायला शिकवण्यात जावेत, एवढा ठराव विद्वत् परिषदांनी आपल्या पुढच्या बैठकीत करावा.