खरपुडीचा कंद

आमच्या घरी कांदा-बटाटाही उंबरठा ओलांडीत नाही. तरीही एक कंद मी स्वहस्ते उपटून घरी आणला होता, त्याची ही कबुली.

१९८९ च्या श्रावणात, साताऱ्यास नोकरीत असताना, सहकाऱ्यांसमवेत कासच्या पठारावर गेलो होतो. गवतात वीतभर रोपटे आणि त्यावर कंदिलासारखे जांभळट फूल. गुराख्याच्या पोराने 'खरपुडी' हे नाव सांगितले, काठीने कंद उकरला आणि सोलून खाल्लाही. मी दुसरा उकरला, रुमालात गुंडाळला. घरच्या कुंडीत तो आठवड्याभरात कुजला.

पुढे वाचनात आले की या सेरोपेजिया प्रजातीच्या कित्येक जाती सह्याद्रीखेरीज जगात कोठेच नाहीत. कासवरील एका जातीचे नाव तर 'सेरोपेजिया जैनी'; वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. सुधांशुकुमार जैन यांच्या सन्मानार्थ ते दिले गेले. ज्या कंदास आपण शिवत नाही, त्याला आपले आडनाव! फुलाची रचनाही नवलाची. नळीत उतरलेली चिमुकली माशी आतल्या खाली झुकलेल्या केसांमुळे अडकते. काही काळाने केस सुकतात आणि ती परागकण घेऊन सुखरूप बाहेर पडते. कैद आहे, पण हिंसा नाही.

पावसाळा सरला की हे रोप जमिनीवर दिसत नाही. सारी पुंजी कंदात. बँकेच्या हिशेबाने फूल तोडणारा व्याज नेतो. कंद नेणारा मुद्दलच उचलतो आणि खाते बंद होते.

साळिंदर आणि रानडुक्कर कंद उकरतातच. त्या पोराची भूकही मला समजते. माझ्या हौसेला मात्र समर्थन नाही. राखीव वनातून असे काही उचलणे १९२७ च्या वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, हे अधिकारी असूनही मला ठाऊक नव्हते. वन्यजीव अधिनियमात १९९१ साली वनस्पतींचे प्रकरण आले, तेव्हा संरक्षित यादीत सहाच नोंदी होत्या. त्यांत खरपुडी नव्हती. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जातींचा अभ्यास व संवर्धन केले, एवढाच दिलासा.

गेल्या महिन्यात नातवाने मोबाइलवर जाहिरात दाखविली: खरपुडीचा कंद, घरपोच. "आजोबा, मागवू?" मी म्हटले, आधी विचार, हा कंद रोपवाटिकेत वाढविला की रानातून आणला? त्याने विचारले. विक्रेत्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.