गोव्याला जा, पण चाकापासून लांब!

टूर म्हटलं की आपल्या कॉलेजात एकच नाव... गोवा! आणि गोवा म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे मांडवीतले कॅसिनो. जरूर जा, पण एवढं ऐकून जा.

कॅसिनोत 21 वर्षांच्या आतल्यांना प्रवेशच नाही. म्हणजे निम्मा वर्ग दारातच आऊट! उरलेल्यांनी एम-थ्रीची प्रोबॅबिलिटी आठवावी. रूलेटच्या चाकाला 0 ते 36 असे 37 खण. आपला आकडा लागायची शक्यता 37 मध्ये 1, पण लागला तर मिळतात 35 पट. म्हणजे दर 100 रुपयांमागे सरासरी 2 रुपये 70 पैसे मालकाचे. नशीब एखाद्या रात्री आपलं असतं, गणित रोज मालकाचं! आपल्याकडे पाऊस दगा देतो, सोयाबीनचा भाव दगा देतो. एवढा जुगार घरी चालू असताना बापाचा पैसा आणखी एका चाकावर कशाला?

त्यापेक्षा संध्याकाळी पणजीच्या काठावरून बोटींचे दिवे बघा, फुकट! सकाळी जुन्या गोव्यात 1605 सालचं बॉम जेझस चर्च बघा. एक दिवस तांबडी सुर्लाला ठेवा. गोव्यात जिकडेतिकडे जांभा, पण कदंबांच्या काळातलं हे महादेवाचं देऊळ आपल्या नळदुर्गासारखं काळ्या दगडाचं.

आणि ज्यांनी नळदुर्गचा पाणीमहालच अजून पाहिला नाही, त्यांनी आधी तिथं जावं. बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात ज्यानं 1613 मध्ये महाल बांधला, तो खरा खिलाडी. पैज लावायचीच तर अशी लावावी!