लपवण्यासारखं काय आहे?

मंडळी, २०२१ चा जून आठवतोय? लशीचे दोन्ही डोस घेऊन आपण नुकतेच एकमेकांकडे पुन्हा चहाला जाऊ लागलो होतो. तेवढ्यात ॲन्ड्रॉइडवाल्यांच्या फोनमध्ये न विचारताच 'मासनोटिफाय' येऊन बसलं. कोविडच्या संपर्काची सूचना देणारं राज्याच्या आरोग्य खात्याचं ॲप, गूगलने परस्पर धाडलेलं. इथे श्रूजबरीत आपल्या लोकांनी जो गदारोळ केला, तो विचारू नका. "आज ॲप घुसवलं, उद्या पोलीस घुसवतील!" असं एक काका डीन पार्कच्या पिकनिकला भेळ खाता खाता तावातावाने म्हणाले होते. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावरून आरोग्य खात्याविरुद्ध फेडरल कोर्टात दावाही दाखल झाला.

राग रास्तच होता. न विचारता घरात शिरतो त्याला पाहुणा म्हणत नाहीत. पण गंमत पाहा. आपण कुठे आहोत हे ते ॲप बघतच नव्हतं. जवळच्या फोनशी ब्लूटूथवरून निरर्थक आकड्यांची देवाणघेवाण, आणि तीही तुम्ही स्वतः चालू केली तरच. उलट काकांच्या त्याच फोनवर हवामानाचं, कुपनांचं, गॅसच्या भावाचं अशी डझनभर ॲप्स सुखाने नांदत होती, आणि प्रत्येकाला लोकेशनसाठी 'ऑलवेज अलाउ'! सरकार दारातून आलं तर आपण काठी घेऊन उभे, आणि दुकानदार खिडकीतून आला तर त्याला पाट मांडून देतो.

वीस वर्षं याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. फुकट ॲप बनवणारा बऱ्याचदा त्यात दुसऱ्या कंपनीचा कोडचा एक तुकडा घालतो. तो तुकडा तुमचे अक्षांश-रेखांश आणि फोनचा जाहिरात-क्रमांक पाठवत राहतो. माल दलालाकडे जातो, तिथून आणखी पुढे. "पण त्यात नाव नसतं," असं सांगतात. अहो, जो फोन रोज रात्री एकाच घरात झोपतो आणि दिवसा एकाच ऑफिसात बसतो, त्याच्या मालकाचं नाव शोधायला कितीसा वेळ लागणार?

हे काही हवेतलं बोलणं नाही. २०१७ मध्ये आपल्याच राज्याच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरल, आजच्या गव्हर्नर मोरा हीली यांनी कॉपली ॲडव्हर्टायझिंग या कंपनीकडून लेखी हमी घेतली. इतर राज्यांत गर्भपाताच्या दवाखान्यांभोवती अदृश्य कुंपण घालून तिथे येणाऱ्या बायकांच्या फोनवर ही कंपनी गर्भपातविरोधी जाहिराती पाठवत होती. डिसेंबर २०२१ मध्ये 'द मार्कअप'ने उघड केलं की मुलांवर लक्ष ठेवायला आईबाप वापरतात ते लाइफ ३६० त्याच कुटुंबांचा ठावठिकाणा दलालांना विकत होतं. ओरड झाल्यावर कंपनीने अचूक लोकेशनची विक्री आवरती घेण्याचं जाहीर केलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये टेक्सासने ऑलस्टेट आणि तिच्या ॲरिटी या कंपनीवर खटला भरला. ॲप्समधून लोकांचं ड्रायव्हिंग टिपून ते विमाधंद्यात वापरल्याचा, विकल्याचा आरोप आहे.

"आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" हा आपल्या लोकांचा आवडता प्रश्न. मग घराला पडदे का लावता? पगार विचारला की विषय का बदलता? वाड्यातल्या काकू सगळ्यांवर नजर ठेवून असत, कबूल. पण त्या कोण आहेत हे आपल्याला ठाऊक असायचं, त्यांच्याशी भांडता यायचं, आणि आपण आजारी पडलो तर त्याच पेज घेऊन यायच्या. या दलालाचा ना चेहरा दिसतो, ना पत्ता. आणि तो पेज आणणार नाही.

आता माझंच सांगतो. लेक साडेसोळाची झाली, लायसन्स मिळालं, आणि त्याच दिवशी मी तिच्या फोनवर एक ट्रॅकिंग ॲप टाकलं. रूट ९ वर बर्फात गाडी चालवणार, काळजी वाटणारच! चार दिवसांनी ती म्हणाली, "बाबा, तू मला विचारलं नाहीस." काकांचंच वाक्य! मला उत्तर देता आलं नाही. ते ॲप आम्ही दोघांनी मिळून काढलं. आता ती पोचल्यावर "पोचले" एवढा मेसेज करते. कधी विसरते, मग माझा जीव खालीवर होतो. तो तसा होऊ द्यायचा, असं ठरवलंय.

तेव्हा यंदा दिवाळीत घराबरोबर फोनचीही साफसफाई करा. लोकेशनची परवानगी 'वापरत असतानाच' एवढी ठेवा, जाहिरात-क्रमांक बंद करा, नको ती ॲप्स काढून टाका. पण केराची टोपली तेवढ्याने रिकामी होत नाही, कायदाही हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या सेनेटने डेटा प्रायव्हसीचं विधेयक मंजूर केलं. आपल्या हाऊस प्रतिनिधीला पत्र लिहून विचारा, तुम्ही त्यासाठी काय केलंत? ग्रीन कार्डवाल्यांनी आणि एच-वनवाल्यांनीही लिहावं. मत देता येत नसलं तरी प्रश्न विचारता येतो.

आणि मुलांच्या फोनला हात लावण्याआधी मुलांना विचारा. न विचारता घरात शिरणं वाईट, हे आपणच तर ओरडून सांगत होतो.